सुई फुकट, खाडा विकत

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतील यंत्रमाग कामगार कोरोनाच्या साथीच्या दुसऱ्या वर्षी लस टोचून घ्यावयास का कचरत होता, या प्रश्नाचा निकाल आमच्या सोलापुरातील सुशिक्षित मंडळींनी कामगारास न विचारताच लावून टाकला आहे, आणि तो एकाच शब्दाचा असल्यामुळे त्यावर अपिलाची सोयही त्यांनी ठेवलेली नाही. तो शब्द म्हणजे अडाणीपणा. साथ ओसरून वर्षे लोटली, मास्क कपाटांच्या तळाशी गेले, परंतु हा शब्द अद्याप टवटवीत आहे. आरोग्यविषयक व्याख्यानानंतरच्या चहापानात, लग्नाच्या पंगतीत, आणि विशेषेकरून मागाचा खडखडाट ज्यांनी रस्त्यावरून जाताना काय तो ऐकला अशांच्या बैठकीत तो हमखास निघतो, व निघाला की सर्वांच्या माना एका लयीत डोलतात. मला या डोलण्याचा वीट आलेला आहे.

या मंडळींचे म्हणणे सौम्य करून मांडण्याची माझी इच्छा नाही. ते जितके टोकदार आहे तितकेच मांडतो. सरकारने लस फुकट दिली, केंद्र घराजवळ उघडले, रिक्षावर कर्णा लावून गल्लोगल्ली पुकारा केला, तरी हा इसम आला नाही. का आला नाही? तर लस घेतल्याने मूल होत नाही, दोन वर्षांत मरण येते, असल्या बाजारगप्पांवर त्याचा भरवसा बसला. त्याला विज्ञान कळत नाही. फुकट मिळालेल्या वस्तूची त्याला किंमत नसते. आणि असा मनुष्य समजावून ऐकत नसल्यामुळे त्याचे रेशन अडवावे, म्हणजे तो मुकाट्याने दंड पुढे करील. रोगाचे निदान, रोग्याचे चारित्र्य आणि वर शिक्षाही, हे सारे दोन घोट चहात आटोपते. इतक्या अवधीत दिवाणी न्यायालयात पुढची तारीखसुद्धा पडत नाही.

ज्याच्याविषयी हा निवाडा झाला तो मनुष्य दिवसभर काय करतो, एवढे तरी आधी पाहावे. टॉवेलाच्या आणि चादरीच्या साध्या मागावर धोट्यातील कांडी काही मिनिटांत संपते. संपली की माग थांबवून धोटा बाहेर काढावयाचा, रिकामी कांडी टाकून भरलेली बसवावयाची आणि माग पुन्हा सुरू करावयाचा, तोच शेजारचा माग थांबलेला असतो, कारण एका माणसाकडे एकच माग असा प्रकार येथे नाही. मध्येच ताण्याचा धागा तुटला तर वाकून, हात लांबवून, तो फणीतून ओढून सांधावयाचा. दोन्ही हात आणि दोन्ही खांदे यांवर हे काम चालते, आणि ते चालते तापलेल्या पत्र्याखाली, नाकातोंडात सुताचे तंतू जात असता, ज्या शहरात एप्रिल-मे महिन्यांत पारा बेचाळीस अंशांपलीकडे जाणे ही बातमीही समजली जात नाही अशा शहरात. मजुरी मिळते ती विणलेल्या नगावर; माग उभा राहिला की मजुरीही उभी राहते. जो दिवस चुकला त्यास येथे खाडा म्हणतात, आणि खाड्याचा हिशेब आठवड्याच्या पगारात, किराणा दुकानदाराच्या वहीत आणि घरभाड्याच्या तारखेस अशा तीन ठिकाणी द्यावा लागतो.

आता या माणसापुढे लस ठेवा. ती टोचल्यावर दंड दुखतो, अंग कसकसते, पुष्कळांना एक-दोन दिवस ताप येतो. हे सरकारच्याच पत्रकांत छापलेले होते आणि त्यात लपविण्यासारखे काहीही नाही. कचेरीत बसणाऱ्या मनुष्यास हा ताप म्हणजे एक गोळी आणि दुपारची झोप. घरी बसून संगणकावर काम करणाऱ्यास तर तो मित्रमंडळास कळविण्याजोगा एक मजेदार अनुभव होता. दंडावरील कापसासकट छायाचित्रे काढून ती सर्वत्र पाठविण्याची चालच त्या वेळी पडली होती. मागावरच्या माणसास मात्र रांगेतला एक दिवस, तापाचा दुसरा आणि ठणकत्या खांद्याचा कदाचित तिसरा, असा तो मामला पडे, आणि काही आठवड्यांनी दुसऱ्या डोसाच्या निमित्ताने त्याचीच पुनरावृत्ती. त्यापूर्वीच्या वर्षी टाळेबंदीत माग बंद पडून त्याची शिल्लक संपलेली, उसनवारी वाढलेली, आणि अशा स्थितीत त्याने मनाशी बेरीज केली. सुई फुकट होती. खाडा विकत होता. ही बेरीज ज्यास अडाणीपणा वाटते त्यास अंकगणित येत नाही, असे म्हणणे मला भाग आहे.

यावर कोणी कायदेपंडित म्हणेल की कामगारास राज्य विमा योजना आहे, आजारपणाचा भत्ता आहे. आहे ना! 1948 सालचा तो कायदा मी मोठ्या आदराने वाचतो. साथीच्या काळी तो सामान्यतः दहा किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्यास लागू होता. ज्या शेडमध्ये हजेरीपुस्तकावर दहावा माणूस कधी चढतच नसे तेथे तो दारातूनच परत फिरे. आणि जेथे तो आत शिरे तेथेही त्याचे एकोणपन्नासावे कलम असे सांगत होते की आजारपणाच्या पहिल्या दोन दिवसांचा भत्ता मिळणार नाही. काही दिवसांपूर्वीच्याच आजारपणाचे ते पुढचे प्रकरण असेल तरच काय ती सवलत. म्हणजे मजुरीच्या सत्तर टक्के भत्ता, तोही वर्षाकाठी एक्याण्णव दिवसांपर्यंत, अशी उदार तरतूद एका बाजूस. आणि लशीचा ताप नेमका ज्या दोन दिवसांत येऊन जातो ते दोन दिवस त्या औदार्यातून वगळलेले, दुसऱ्या बाजूस. कामगाराने हे कलम वाचलेले नसेल. परंतु ते त्याने भोगलेले असते, आणि भोगलेल्या कलमाचा अर्थ लावावयास वकील लागत नाही.

मला याखेरीज आणखी एक कायदा आठवतो व तो आठवला की हसू आवरत नाही. लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्यात 1996 साली घातलेल्या कलम 135 ब अन्वये मतदानाच्या दिवशी प्रत्येक मतदार कामगारास सुट्टी द्यावी लागते, त्या सुट्टीची मजुरी कापता येत नाही, आणि रोजंदारीवरील मनुष्यही त्यातून सुटलेला नाही. बोटास शाई लावून घेण्यास जाणाऱ्या कामगाराची मजुरी बुडू नये ही काळजी ज्या राज्यकर्त्यांना सुचली, त्यांनाच दंडास सुई टोचून घेण्यास जाणाऱ्या त्याच कामगाराविषयी ती सुचू नये, यात अडाणीपणा कोणाचा? मतदान पाच वर्षांतून एकदा होते आणि त्यात उमेदवाराचे हित असते. साथीत सर्व समाजाचे होते. कोणत्या हिताची किंमत सरकारी खाते पटकन ओळखते, हे यावरून उघड व्हावे.

केंद्र घराजवळ उघडले, हा दुसरा मुद्दा. एप्रिल 2021 मध्ये केंद्र सरकारने कामाच्या ठिकाणीच लसीकरण करण्याची तजवीज काढली, आणि ती कल्पना उत्तम होती. फक्त तिला एक अट चिकटवली होती, की त्या जागी सुमारे शंभर पात्र व इच्छुक माणसे असावीत, आणि पात्र म्हणजे त्या वेळी पंचेचाळीस वर्षांवरील. शंभर! पुण्यामुंबईच्या काचेच्या इमारतींत ही संख्या एका मजल्यावर मिळेल. आमच्या एमआयडीसीत ती गोळा करावयाची तर शेडमागून शेड पालथी घालावी लागेल. ज्याने हा आकडा लिहिला त्याच्या डोळ्यांपुढे कोणता कामगार होता हे सांगावयास नको. पाच-दहा शेडींनी मिळून एक केंद्र चालवावे, संध्याकाळी पाळी बदलते त्या वेळी परिचारिका तेथे असावी, इतके कोणास सुचले असते तर रिक्षावरच्या कर्ण्याचा खर्च तरी वाचला असता.

मे महिन्यात अठरा वर्षांवरील तरुणांची पाळी आली तेव्हा प्रथम केवळ संगणकीय नोंदणीच ग्राह्य धरली गेली. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर वेळ उघडावी आणि डोळ्याचे पाते लवण्यापूर्वी ती नाहीशी व्हावी, या शर्यतीत कांडी बदलणारा मनुष्य कसा उतरणार होता? त्या नोंदणीस मराठी आणि तेलुगू भाषा लाभल्या त्या जूनच्या सुमारास. येथील पूर्व भागात घराघरांत तेलुगू बोलली जाते आणि अक्कलकोटकडून येणाऱ्या कामगाराच्या तोंडी कानडी असते, ही वार्ता दिल्लीस पोहोचावयास इतका अवधी लागला. मोठ्या शहरांतील चपळ बोटांचे तरुण मात्र मोटारी काढून खेड्यांतील केंद्रांवर जाऊन टोचून आले. त्यातच पुरवठा आटला. 12 मे रोजी महाराष्ट्राने या वयोगटाचे लसीकरण तात्पुरते थांबविले. केंद्रांवर ‘आज लस उपलब्ध नाही’ अशा पाट्या लटकल्या. 21 जूनपासून धोरण बदलले, वाट काहीशी मोकळी झाली, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत आमच्या मंडळींना शोध लागला की कामगार लस घ्यावयास येत नाही. खाडा करून दोनदा रांगेत उभा राहून रिकाम्या हाताने परतलेला मनुष्य तिसऱ्यांदा आला नाही, तर त्या न येण्यास अंधश्रद्धा हे नाव कोणत्या शास्त्राने द्यावयाचे?

परंतु अफवा होत्या की नव्हत्या? होत्या, आणि शेडींत त्या ऐकूही येत होत्या. मात्र त्या पिकल्या कोठे हे पाहिले पाहिजे. लस घेणारा दोन वर्षांत मरणार, ही त्यांतली सर्वांत गाजलेली अफवा मे 2021 मध्ये पसरली ती ल्यूक माँटेनिए या नोबेलविजेत्या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावावर, छापील इंग्रजी मजकुराच्या रूपाने, व्हॉट्सॲपवरून. फ्रेंच शास्त्रज्ञाचा दाखला देऊन इंग्रजीत खोटे रचण्याची कला अक्कलकोट रोडच्या शेडीत अवगत झाली असे कोणास वाटत असेल तर हा कामगारांचा मोठाच गौरव आहे, आणि तो मी त्यांच्या वतीने नम्रपणे नाकारतो. ती अफवा गृहसंकुलांच्या, निवृत्तांच्या आणि वर्गमित्रांच्या गटांतून, ‘विचारार्थ पुढे पाठवीत आहे’ अशा साळसूद टिपणीसह खाली झिरपली. ज्यांनी पेरले तेच त्याच्या पिकावरून दुसऱ्यास दोष देतात.

सुशिक्षितांच्या चौकस बुद्धीची परीक्षा पाहावयाची असेल तर कांदिवलीचे प्रकरण आठवावे. 30 मे 2021 रोजी तेथील एका उच्चभ्रू गृहसंकुलात लसीकरणाचे खाजगी शिबिर भरले. सुमारे 390 रहिवाशांनी डोसास 1260 रुपये मोजून दंड पुढे केले. आणि पुढे असे निघाले की ते शिबिर बनावट होते. टोचणारे कोण, लस आली कोठून, हे पैसे देण्यापूर्वी कसून तपासण्याचे त्या सुविद्य समाजास सुचले नाही. संशय आला तो कशावरून? जी प्रमाणपत्रे हाती पडली त्यांवर भलत्याच रुग्णालयांची नावे होती, आणि टोचून घेतलेल्यांपैकी कोणास तापच आला नाही. ज्या तापाच्या भीतीने मागावरचा मनुष्य बिचकत होता तो न आल्याने या मंडळींची झोप उडाली! फुकटच्या वस्तूची किंमत नसते, असे म्हणणाऱ्यांनी या 1260 रुपयांच्या वस्तूचीही किंमत एकदा करून सांगावी. मी त्या रहिवाशांना हसत नाही, ते फसविले गेले. माझे म्हणणे इतकेच की त्यांना कोणी अडाणी म्हटले नाही. त्यांच्या बाबतीत शब्द निघाला ‘फसवणूक’, आणि पोलिसांत तक्रार नोंदली गेली.

विज्ञानाविषयीही हाच दुटप्पीपणा. कोव्हॅक्सिनला 3 जानेवारी 2021 रोजी परवानगी मिळाली तेव्हा तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीचे परिणामकारकतेचे निष्कर्ष हाती आलेले नव्हते, आणि यावर पहिला आक्षेप घेतला तो शास्त्रज्ञांनी व डॉक्टरांनीच. कोव्हिशील्डच्या दोन डोसांतील अंतर आरंभी चार ते सहा आठवडे होते, मार्चमध्ये सहा ते आठ झाले, 13 मे रोजी बारा ते सोळा. या बदलास शास्त्रीय आधार होता, तो मी मानतो. पण लशीचा तुटवडा आणि अंतराची वाढ एकाच महिन्यात आल्यावर त्या दोहोंचा संबंध जोडणारा मनुष्य मूर्ख ठरत नाही. दिवाणखान्यात बसून हीच शंका काढणाऱ्यास आपण चिकित्सक म्हणतो. शेडीत ती काढली की तो अडाणी.

आणि खरोखरच अडाणी म्हणावयाचे तर या कामगारांच्याच घरांतील बायकांचे काय करावयाचे? कुंभारीच्या घरकुलांत, नीलमनगरात, साखर पेठेत विड्या वळणाऱ्या हजारो स्त्रिया आहेत. सुपात पान, कात्री आणि तंबाखू घेऊन बसणाऱ्या, हजाराच्या हिशेबाने मजुरी घेणाऱ्या, ज्यांच्या वळलेल्या मालातून कारखान्यात छाट निघाली की तेवढी मेहनत वाया जाते. याच स्त्रियांनी पोलिओच्या रविवारी मुलांना कडेवर घेऊन बूथ गाठले, आणि ज्यांना गाठता आला नाही त्यांच्या दारी पुढील दिवसांत आरोग्यसेविका आली व खडूने दारावर खूण करून गेली. 27 मार्च 2014 रोजी भारतास पोलिओमुक्त असल्याचे प्रशस्तिपत्र मिळाले ते या बायांच्या सहकार्याविना मिळाले काय? त्या मोहिमेतही अफवा होत्या, मूल न होण्याची हीच अफवा शब्दशः होती. परंतु दोन थेंबांनी आईचा खाडा होत नव्हता आणि लस दारापर्यंत चालत येत होती. ‘हर घर दस्तक’ नावाची मोहीम कोरोनाच्या लशीसाठी निघाली नोव्हेंबर 2021 मध्ये, शंभर कोटी डोसांचा उत्सव झाल्यानंतर. शहाणपण सुचले खरे. दारावर थाप पडावयास दहा महिने लागले.

राहता राहिला दंडुका. नोव्हेंबर 2021 मध्ये तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात फर्मान निघाले की किमान एक डोस घेतल्याचे प्रमाणपत्र नसणाऱ्यास पेट्रोल, गॅस आणि रेशन मिळणार नाही, आणि आमच्याकडील कित्येकांना ते वाचून आनंदाचे भरते आले. पेट्रोलाचे समजू शकतो. रेशन? स्वस्त धान्याच्या दुकानापुढे पिशवी घेऊन उभे राहण्याची पाळी ज्यांच्यावर येत नाही तेच हा उपाय सुचवितात, यात मला योगायोग दिसत नाही. आपल्या महाराष्ट्रास या पद्धतीचा अनुभव नवा नाही. 1897 साली पुण्यात प्लेगच्या बंदोबस्ताकरिता गोरे सोल्जर घराघरांत शिरले तेव्हाही सरकारची समजूत हीच होती, की ही प्रजा अज्ञानी असल्यामुळे तिच्याशी बोलण्यात वेळ दवडू नये. त्याची परिणती 22 जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळ्या झाडल्या जाण्यात झाली, हे शाळेतील मुलासही ठाऊक आहे. त्याच वर्षीच्या 10 जानेवारीस मुंबईत वॉल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाने आपली प्लेगची लस प्रथम स्वतःस टोचून घेतली होती, व तिच्या तापाचा अनुभव स्वतः घेतला होता. एकाच सालातील या दोन रीतींपैकी सव्वाशे वर्षांनी आम्ही कोणती उचलावी? साथरोगाचा 1897 सालचा तोच कायदा 2020 मध्ये पुन्हा लागू करताना रँडसाहेबाची वृत्तीही त्यासोबत दप्तरातून बाहेर काढावयास हवी होती असे नव्हे. पुढे 2 मे 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने लसीकरणाचे धोरण अवाजवी नाही असे म्हणत असतानाच, कोणासही लस घेण्याची सक्ती करता येणार नाही, हेही सांगितले. आणि जे शहर 1930 साली लष्करी कायद्याखाली भरडले गेले तेथे तरी बळजबरीच्या गुणांची इतकी तरफदारी होऊ नये.

‘म्हणजे तुम्ही लशीच्या विरुद्ध आहात तर!’ असे मला यानंतर हटकून ऐकविले जाते. मुळीच नाही. कोरोनाने होणारे गंभीर आजारपण आणि मृत्यू या लशींनी फार मोठ्या प्रमाणावर टाळले, रक्तात गुठळी होण्यासारखे अपाय झाले ते विरळा, आणि ज्याने लस घेतली त्याने शहाणपण केले, याविषयी माझ्या मनात तिळमात्र संदेह नाही. माझा राग आहे तो यासाठीच. वस्तू निरुपयोगी असती तर ती कोणाच्या वाट्यास उशिरा आली याचे सुतक मी कशास धरले असते? इतकी मोलाची वस्तू ज्यांच्यापर्यंत नेणे अवघड होते त्यांच्यापर्यंत नेण्याचा उपाय ठाऊक असूनही केला नाही, आणि न केल्याचे खापर त्यांच्याच बुद्धीवर फोडले, ही माझी तक्रार आहे. आरोग्याच्या प्रत्येक समारंभात चीनमध्ये जाऊन रोग्यांच्या सेवेत देह ठेवणाऱ्या डॉ. कोटणीसांचे हे गाव, असे सांगावयाचे, आणि शहराच्या वेशीवरील शेडीपर्यंत परिचारिका पाठवावयाची नाही, ही भक्तीही अजबच म्हणावयाची.

कारखानदारांनाही मी मोकळे सोडत नाही. टोचल्याचा दाखला दाखविल्याशिवाय आत घेणार नाही, असे म्हणणारे मालक माझ्या पाहण्यात पुष्कळ आले. दोन दिवसांची नगाची सरासरी मजुरी धरून ती हातावर ठेवणारे विरळा. धंदा मंदीत होता, सुताचे भाव चढले होते, हे सर्व खरे मानले, तरी मग सरकारने ती रक्कम भरावी यासाठी त्यांनी किती अर्ज-विनंत्या केल्या? विजेच्या सवलतीसाठी मुंबईच्या वाऱ्या करण्याचा या मंडळींना सराव आहे. रस्ता त्यांना माहीत नव्हता असे नाही.

पुढची साथ येईल तेव्हा साध्या मराठीत, तेलुगूत आणि कानडीत एक हुकूम निघावा: लशीच्या दिवसाची आणि त्यानंतरच्या दोन दिवसांची मजुरी, मागील आठवड्यांच्या सरासरीने, शनिवारच्या पगारातच मिळेल, विडीवालीस तिच्या हजारीच्या हिशेबाने मिळेल, शेडीत माणसे चार असोत की चाळीस, परिचारिका पाळी बदलताना तेथे येईल, आणि विम्याच्या कायद्यातील दोन दिवसांची ती मेख साथ असेतो उपटून ठेवण्यात येईल. असा हुकूम निघून त्याची अंमलबजावणी झाल्यावरही जर अक्कलकोट रोडचा मागवाला दंड पुढे करावयास नकार देईल, तर त्यास अडाणी म्हणावयास माझी खुशाल संमती आहे. तोपर्यंत तो शब्द आपापल्या घरी जपून ठेवावा, तेथे त्याचा उपयोग अधिक आहे.